हुजूर दप्तर : पेशवेकालीन कामकाजातील नोंद, स्मरण आणि पाठपुरावा

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन दीर्घकाळ लढाया, तह, मोहिमा आणि कर्तृत्ववान पुरुषांची चरित्रे यांभोवती केंद्रित राहिले. वि. का. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, द. ब. पारसनीस, गो. स. सरदेसाई आदी संशोधकांनी अस्सल कागदपत्रे प्रकाशात आणल्यामुळे या लेखनास भक्कम पाया मिळाला. परंतु ज्या कागदांच्या आधारे हा इतिहास लिहिला गेला, ते कागद मुळात कोणत्या गरजेतून निर्माण झाले, कोणत्या क्रमाने फिरले आणि का जपून ठेवले गेले, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. कारकुनाने दप्तर लिहिले ते भावी इतिहासकारासाठी नव्हे. हाती घेतलेले काम विसरले जाऊ नये, दिलेला शब्द पाळला जावा, येणे-देणे वेळेवर उगवावे आणि कोणाकडे कोणते काम अडले आहे हे समजावे, या रोजच्या निकडीतून ते उभे राहिले.

कामांची नोंद ठेवणे, त्यांचा पाठपुरावा करणे आणि वेळेचे नियोजन करणे हे विषय आज व्यवस्थापनशास्त्राच्या कक्षेत येतात. अठराव्या शतकातील पुण्याच्या हुजूर दप्तरापुढे हेच प्रश्न होते आणि त्यांना त्याने आपल्या परीने उत्तरे शोधली होती. प्रस्तुत लेखात या दप्तराची रचना, कागदाचा प्रवास, पाठपुराव्याची साधने, या पद्धतीच्या मर्यादा आणि तिच्या ऱ्हासाची कारणे यांचा विचार केला आहे. राज्याची स्मृती कोणा एका मुत्सद्द्याच्या बुद्धीत राहत नसून ती नोंदींच्या शिस्तीत राहते, आणि ही शिस्त मोडली की तिचा पहिला फटका सामान्य रयतेला बसतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पूर्वपीठिका

मराठी मुलुखात कारकुनी लेखनाची परंपरा पेशवाईच्या कितीतरी आधीची आहे. मोडी लिपी आणि हिशेबलेखनाचे नियम सांगणारे 'मेस्तक' यांचे श्रेय परंपरेने यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याला दिले जाते. या श्रेयाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी जमाखर्च मांडण्याची एक ठरावीक रीत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जात होती, याविषयी दुमत नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणासाठी दिला आहे. सतराव्या शतकात सुवाच्य, टिकाऊ आणि नेटक्या लेखनाला किती मोल होते, याचे ते द्योतक होय.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात या परंपरेला राज्ययंत्रणेचे स्वरूप आले. अष्टप्रधानांच्या कामांची वाटणी करताना अमात्याकडे जमाखर्चाची तपासणी, तर सचिवाकडे राजपत्रांतील मजकुराची शुद्धाशुद्धता पाहण्याचे काम सोपविण्यात आले. पत्र लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले गेले, आणि लेखनविषयक शब्दांसाठी त्यात स्वतंत्र वर्ग आहे. तथापि दप्तर, रोजकीर्द, रुजू, बाकी, याद हे शब्द कारकुनांच्या हातून सुटले नाहीत. मंत्र्यांची पदनामे बदलली, रोजच्या वहीची भाषा मात्र तीच राहिली. कार्यपद्धती ही राजाज्ञेपेक्षा सवयीवर अधिक टिकते, हे यावरून ध्यानात येते.

इ. स. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला आणि तेथील दप्तराचा मोठा भाग नष्ट झाला असे मानले जाते. त्यानंतरच्या धामधुमीत गावोगावचे वतनी कागदही हरवले. पुढे अनेक वतनांचे तंटे उभे राहिले, तेव्हा गोतसभेपुढे साक्षी घेऊन महजर करावे लागले. कागद गेला की हक्क सिद्ध करणे किती कठीण होते, याचा हा धडा मराठी राज्याने अठराव्या शतकाच्या आरंभीच घेतला होता.

हुजूर दप्तराची रचना

नानासाहेब पेशव्यांच्या काळात पुणे हे कारभाराचे केंद्र झाले आणि हुजूर दप्तराचा विस्तार होत गेला. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत (१७६१-१७७२) त्याला शिस्त आली आणि नाना फडणीसांच्या देखरेखीखाली ते पूर्णत्वास पोहोचले. या दप्तरात २०० हून अधिक कारकून काम करीत असल्याचा उल्लेख आढळतो.

दप्तराचे दोन मुख्य भाग होते. एक 'चालते दप्तर' व दुसरे इंग्रज लेखकांनी 'एल बेरीज' या नावाने नोंदविलेले बेरजेचे दप्तर. चालू वर्षाची कामे, हुकूम, सनदा आणि देणीघेणी चालत्या दप्तरात येत. बेरजेच्या दप्तरात साऱ्या हिशेबांचे संकलन होऊन राज्याच्या वार्षिक जमाखर्चाचे तर्जुमे आणि बाबवार खतावण्या तयार होत. ज्या कामाचा निकाल लागायचा आहे ते एका जागी आणि ज्याचा निकाल लागून हिशेब झाला आहे ते दुसऱ्या जागी, अशी ही विभागणी होती. चालू आणि संपलेले कागद एकत्र मिसळल्यास दोन्ही हरवतात, हा अनुभव तिच्या मुळाशी असावा.

चालत्या दप्तरावर फडणीसाचा थेट ताबा असे. त्यातील फड, बेहेडा आणि सरंजाम ही खाती महत्त्वाची होती. सरकारातून सुटणारे हुकूम व सनदा फडावर तयार होत आणि बाहेरून येणारे हिशेबही तेथेच येत. बेहेडा खात्यात प्रांतांकडून आलेल्या हिशेबांवरून पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज बांधला जाई. सरंजाम खात्याकडे लष्करी सरंजाम, जहागिरी आणि इनामे यांच्या नोंदी असत. दिवसभरात दिलेला प्रत्येक हुकूम, सनद आणि रक्कम रोजकीर्दीत चढविली जाई. रोजकीर्द हा दप्तराचा कणा होता. रोजकीर्दीवरून खतावणी होई आणि खतावणीवरून ताळेबंद व तर्जुमा तयार होई. एकाच व्यवहाराची नोंद प्रथम कालक्रमाने आणि नंतर विषयवार होत असल्यामुळे, अमुक दिवशी काय झाले आणि अमुक बाबीवर वर्षभरात काय झाले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळू शकत.

महालापासून हुजुरापर्यंत कागदाचा प्रवास

हुजूर दप्तर एकाकी नव्हते. प्रांतोप्रांतीच्या मामलेदार-कामाविसदारांच्या कचेऱ्यांतून त्याला कागदांचा अखंड पुरवठा होई. या कचेऱ्यांत दरकदार नावाचे वंशपरंपरागत अधिकारी असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस असे हे आठ दरक होत.

यांच्या कामांची वाटणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. कोणताही दस्तऐवज किंवा हिशेब फडणीसाकडे जाण्यापूर्वी मुजुमदाराने तो तपासून मान्य करावा लागे. फडणीस त्यावर तारीख घाली आणि रोजचा खर्डा लिही. दप्तरदार त्या खर्ड्यावरून खतावणी करून महिन्याचा गोषवारा हुजुरास पाठवी. पोतनीस वसूल व शिल्लक रोकड यांचा हिशेब ठेवी, तर पोतदार नाणी पारखी. सभासद किरकोळ तंट्यांची नोंद ठेवी. चिटणीस आलेल्या पत्रांना उत्तरे लिही. वर्षअखेरीस हिशेबाच्या वह्या घेऊन हुजुरात हजर होण्याची जबाबदारी फडणीसाची असे.

या व्यवस्थेचे मर्म असे की, एका कामाचे टप्पे वेगवेगळ्या माणसांकडे होते आणि पुढच्या टप्प्यावरील माणसास आधीच्या टप्प्याची खूण कागदावरच दिसत असे. मुजुमदाराची मान्यता नसेल तर फडणीस तारीख घालणार नाही, आणि तारीख नसेल तर तो व्यवहार रोजकीर्दीत येणार नाही. काम कोठे अडले आहे हे कागद पाहताच कळे. शिवाय दरकदारांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता. त्यामुळे मामलेदाराच्या गैरव्यवहाराची बातमी हुजुरास कळविण्यास ते मोकळे राहत. पाठपुरावा आणि नियंत्रण ही दोन्ही कामे एकाच रचनेतून साधली जात.

तारीख, पैवस्ती आणि बार

पत्रव्यवहाराच्या बाबतीत तीन खुणा विशेष महत्त्वाच्या होत्या. पहिली पत्र लिहिल्याची तारीख. दुसरी 'पैवस्ती', म्हणजे पत्र पोहोचल्याची तारीख. ती पत्र मिळाल्यावर कारकून स्वतंत्रपणे नोंदवी. तिसरी 'बार', म्हणजे सुटलेले पत्र नोंदवहीत चढविल्याची खूण. पत्राच्या शेवटी 'लेखनसीमा' किंवा 'मोर्तब सूद' अशी मुद्रा उमटवली जाई, जेणेकरून मजकुराखाली कोणास भर घालता येऊ नये. लांबलचक कागद अनेक बंद एकमेकांस चिकटवून केलेला असल्यास जोडावर शिक्का मारला जाई.

पैवस्तीची नोंद ही वरवर क्षुल्लक वाटणारी बाब आहे. परंतु जासूद आणि काशीद यांच्या पायांवर चालणाऱ्या डाकेच्या काळात तिचे मोल मोठे होते. लिहिल्याची आणि पोहोचल्याची तारीख यांतील अंतरावरून विलंब वाटेत झाला की कचेरीत, हे ठरविता येई. उत्तर न आल्यास ताकीदपत्र केव्हा पाठवावे, याचा अंदाजही त्यावरूनच बांधता येई. इतिहास संशोधकांना आज अठराव्या शतकातील बातमी किती दिवसांत पुण्यास पोहोचली हे सांगता येते, ते प्रामुख्याने या नोंदींमुळेच.

कालगणनेची गुंतागुंत लक्षात घेतल्यास या कारकुनांचे कौशल्य अधिकच जाणवते. कागदांवर बहुधा अरबी चांद्र महिन्याची तारीख 'छ' या चिन्हाने दिली जाई. वर्ष मात्र सुहूर सनाचे असे आणि ते अरबी संख्याशब्दांत लिहिले जाई. उदाहरणार्थ, 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे सुहूर सन ११७२, अर्थात इ. स. १७७१-७२. सुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवशी सुरू होई, तर महिने चांद्रमानाचे असत. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने एकाच सुहूर सनात काही तारखा दोनदा येऊ शकत. याशिवाय शालिवाहन शकाची तिथी, फसली सन आणि राज्याभिषेक शक यांचाही वापर होता. इतक्या कालगणना एकाच वेळी सांभाळून कामांच्या मुदती पाळणे, हे प्रशिक्षित कारकुनांशिवाय शक्य नव्हते.

याद, कलम आणि मखलाशी

पाठपुराव्याचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे 'याद'. आज 'यादी' हा शब्द केवळ नावांच्या किंवा वस्तूंच्या जंत्रीसाठी वापरला जातो. मूळ फार्सी शब्दाचा अर्थ स्मरण असा आहे, आणि पेशवाईतील याद ही खऱ्या अर्थाने स्मरणिका होती. एखाद्या सरदाराच्या मागण्या, मामलेदाराच्या अडचणी किंवा वकिलाला द्यावयाच्या सूचना एकेका कलमात मांडल्या जात. यादीतील मागण्यांवर पेशव्यांचा किंवा कारभाऱ्यांचा निर्णय लिहिला जाई. या निर्णयात्मक लेखनास 'मखलाशी' म्हणत.

कलमवार याद आणि तिच्यावरील मखलाशी या पद्धतीचे दोन लाभ होते. एका पत्रात दहा विषय मिसळले की त्यांतील दोन-चार नेहमी उत्तराविना राहतात. कलमे वेगळी केल्यामुळे कोणत्या कलमावर निर्णय झाला आणि कोणते कोरे राहिले हे सहज दिसे. दुसरा लाभ असा की, प्रश्न आणि निर्णय एकाच कागदावर राहिल्याने पुढे वाद उद्भवल्यास दोन स्वतंत्र पत्रे शोधण्याची गरज उरत नसे. 'मखलाशी' या शब्दाला आजच्या मराठीत चतुर सारवासारवीचा अर्थ चिकटला आहे. त्याचा मूळ अर्थ कामाचा निकाल असा होता, हे मुद्दाम ध्यानात घेतले पाहिजे.

दीर्घ मुदतीच्या पाठपुराव्याचे उत्तम उदाहरण म्हणजे इस्ताव्याचा कौल. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळास सरकार कौल देई. त्यानुसार पहिल्या वर्षी सारा अगदी कमी असे आणि दरवर्षी थोडा थोडा वाढत जाऊन ठरलेल्या मुदतीनंतर पूर्ण दराला पोहोचे. याचा अर्थ सरकारने एकदा दिलेला शब्द पुढील अनेक वर्षे लक्षात ठेवावा लागे. मधल्या काळात कामाविसदार बदले, कधी पेशवाही बदले. नवा कामाविसदार दुसऱ्याच वर्षी पूर्ण सारा मागू लागला, तर कुळाच्या हाती फक्त कौलनामा आणि दप्तरातील त्याची नोंद एवढाच आधार असे. झाडेझुडपे तोडून, बांधबंदिस्ती करून जमीन उभी केलेल्या शेतकऱ्याचे वर्षांचे श्रम त्या एका नोंदीवर अवलंबून असत. दप्तराची शिस्त हा केवळ कारकुनी नीटनेटकेपणाचा प्रश्न नव्हता, हे येथे स्पष्ट होते.

वसुलीचा पाठपुरावा मात्र कागदापुरता मर्यादित नसे. पत्राने काम न झाल्यास ताकीद जाई आणि ताकिदीनेही न झाल्यास मोहसल, म्हणजे तगादेदार, दारी बसविला जाई. त्याचा खर्च बाकीदारावरच पडे. सरकारचे येणे सहसा विसरले जात नसे, असे यावरून म्हणता येईल.

वर्षाचे वेळापत्रक

हुजूर दप्तराच्या कामाचे वेळापत्रक ऋतुचक्राशी जोडलेले होते. मृगसाल सुरू होताच नवे हिशेबी वर्ष सुरू होई. प्रांताच्या जमेचा अंदाज म्हणजे आजमास व बेहेडा ठरवून कामाविसदारास दिला जाई आणि त्याच्याकडून काही रक्कम रसद म्हणून आगाऊ घेतली जाई. पावसाळ्यात फौजा छावणीस परतत, त्यामुळे सरदारांचे हिशेब, नेमणुका आणि तक्रारी यांचा निकाल लावण्यास हा काळ सोयीचा ठरे. श्रावणात दक्षिणेसाठी पुण्यात विद्वान ब्राह्मणांची गर्दी होई आणि त्या खर्चाचा स्वतंत्र हिशेब ठेवावा लागे. दसऱ्यास सीमोल्लंघन होऊन मोहिमा बाहेर पडत. त्यापूर्वी फौजेच्या नेमणुका आणि खर्चाची तरतूद पूर्ण होणे आवश्यक असे.

दैनंदिन भेटीगाठी आणि प्रस्थान यांसाठी तिथी-मुहूर्त पाहिले जात. वकिलांना दरबारी भेटीचा वृत्तांत सविस्तर लिहून पाठवावा लागे. हैदराबादहून गोविंदराव काळे यांच्यासारख्या वकिलांची पत्रे पाहता, भेटीत काय बोलणे झाले, कोणती कलमे राहिली आणि पुढील बोलणे कशावर व्हावे, याची नोंद घेण्याकडे किती कटाक्ष होता हे जाणवते. भेट संपली म्हणजे काम संपले असे मानले जात नसे.

पद्धतीच्या मर्यादा

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. पहिली मर्यादा अशी की, दप्तराची नजर प्रामुख्याने जमाखर्चावर होती. पैशाचा संबंध असलेल्या कामाचा पाठपुरावा जितक्या नेटाने होई, तितका रयतेच्या तक्रारींचा होईलच याची खात्री नव्हती.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. हिशेब तपासणाऱ्यांना व दरबारी मंडळींना देण्यासाठी मामलेदार जी गुप्त रक्कम खर्ची टाकीत, तिला 'दरबारखर्च' म्हणत. आरंभी गुप्त असलेला हा खर्च कालांतराने इतका रूढ झाला की तो हिशेबातील एक मान्य बाब ठरला. मग त्याच्याही पलीकडे 'अंतस्थ' नावाची नवी गुप्त बाब निर्माण झाली. अखेर हा भार गावांवरच पडे. नोंद ठेवल्याने गैरव्यवहार थांबतो असे नाही. कधी कधी तो नोंदीतच प्रतिष्ठित होऊन बसतो, हे कटू सत्य या उदाहरणातून दिसते.

तिसरी मर्यादा वंशपरंपरेची. दरक घराण्यात चालत राहिल्यामुळे कारकुनी ज्ञान टिकले, परंतु तेच ज्ञान त्या घराण्यांच्या बाहेर फारसे गेले नाही. मोडी लिपीतील संक्षेप आणि हिशेबाच्या खुणा जाणणारा वर्ग मर्यादित राहिला. ज्याच्याविषयी नोंद होती त्या कुणब्याला ती वाचता येत नसे.

ऱ्हास : व्यक्ती की व्यवस्था?

सवाई माधवरावांचा १७९५ मध्ये मृत्यू झाल्यानंतर पुण्याच्या दरबारात अस्थिरता माजली. १७९६ मध्ये दुसरा बाजीराव गादीवर आला. १७९७ च्या अखेरीस नाना फडणीसांना कैद झाली. पुढे ते सुटून कारभारात परतले, पण १३ मार्च १८०० रोजी त्यांचे निधन झाले. १८१८ नंतर दप्तराची पाहणी करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लक्षात आले की, नानांच्या काळापर्यंतचे हिशेब बऱ्याच अंशी सुव्यवस्थित होते. बाजीरावाच्या काळात मात्र दप्तराची हेळसांड झाली, कारकुनांची संख्या रोडावली आणि कागद बाहेर जाऊ लागले.

यावरून, नाना होते म्हणून दप्तर होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो अपुरा आहे. नानांच्या पूर्वीही रोजकीर्द लिहिली जात होती. ऱ्हासाचे मूळ कारण महसुलाच्या पद्धतीत झालेल्या बदलात शोधावे लागते. बाजीरावाने महालांचा वसूल मोठ्या प्रमाणावर मक्त्याने देण्यास सुरुवात केली. अधिक रकमेची बोली लावणाऱ्यास महाल मिळू लागला. एकदा ठोक रक्कम ठरली की गावची जमीन किती, लागवड किती, कोणाला इस्तावा दिला आहे, कोणत्या गावी दुष्काळामुळे सूट द्यावी लागेल, हे तपशील हुजुरास अनावश्यक वाटू लागले. मक्तेदारालाही पुढील वर्षी महाल आपल्याकडे राहील याची शाश्वती नसल्याने जुने कौल पाळण्याचे कारण उरले नाही. ज्या माहितीची सरकारला गरज वाटत नाही, ती माहिती नोंदविणारा कारकून लवकरच निरुपयोगी ठरतो. दप्तर हे कारकुनांच्या आळसामुळे ढासळले नाही. राज्यकर्त्याने प्रश्न विचारणे सोडले, म्हणून उत्तरे लिहिणे थांबले.

या बदलाची किंमत रयतेने मोजली. कौलाचा शब्द पाळणारी स्मृती उरली नाही, आणि तक्रार घेऊन पुण्यास जाणाऱ्यास आपल्या बाजूची नोंद मिळण्याची आशा राहिली नाही.

१८१८ नंतरचे दप्तर

नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे इंग्रजांच्या ताब्यात आले आणि त्याबरोबर दप्तरही. एल्फिन्स्टनने त्याच्या व्यवस्थेचे काम मॅक्लिऑड या आपल्या सहायकाकडे सोपविले. नव्या सत्तेला जमाबंदी ठरविण्यासाठी, इनामे व सरंजाम ओळखण्यासाठी आणि जुन्या करारांचा अर्थ लावण्यासाठी या कागदांची नितांत गरज होती. पुढे १८४३ मध्ये सुरू झालेली इनामांची चौकशी आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने अधिकार मिळालेले इनाम कमिशन यांच्या कामात पुण्याच्या दप्तराला निर्णायक पुराव्याचे स्थान मिळाले. ज्याच्या इनामाची नोंद सापडली त्याला आधार मिळाला. ज्याची सापडली नाही त्याच्यावर पिढीजात कब्जा सिद्ध करण्याचे ओझे आले. बाजीरावाच्या काळातील हेळसांडीची झळ अशा रीतीने अर्धशतकानंतरच्या पिढीलाही लागली.

याच दप्तरातून रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांतील उतारे निवडले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये त्यांवर लिहिलेल्या विवेचनाने मराठ्यांच्या राज्यकारभाराकडे पाहण्याची नवी दृष्टी दिली. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले निवडक पेशवे दप्तराचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. आज पुणे पुराभिलेखागारात हे कागद हजारो रुमालांत बांधलेले आहेत, आणि त्यांतील फार मोठा भाग मोडी वाचकांची वाट पाहत आहे.

निष्कर्ष

१) हुजूर दप्तराची कार्यपद्धती तारीख, जबाबदार व्यक्ती आणि निकाल या तीन नोंदींवर उभी होती. प्रत्येक कागदावर त्यांच्या खुणा स्वतंत्रपणे दिसत.

२) कलमवार याद आणि तिच्यावरील मखलाशी हे प्रलंबित कामे ओळखण्याचे सोपे व परिणामकारक साधन होते.

३) कामांचे टप्पे वेगवेगळ्या दरकदारांकडे असल्यामुळे पाठपुरावा व परस्पर-नियंत्रण एकाच वेळी साधले गेले.

४) नोंदपद्धती स्वतः न्यायाची हमी देत नाही. दरबारखर्चाच्या उदाहरणावरून ती अन्यायालाही नियमित रूप देऊ शकते, असे दिसून येते.

५) दप्तराचा ऱ्हास केवळ नाना फडणीसांच्या मृत्यूमुळे झाला नाही. मक्तेदारीमुळे तपशिलाची गरजच संपुष्टात आली, हे त्याचे महत्त्वाचे कारण होय.

महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत आवक-जावक नोंदणीस आजही 'बारनिशी' म्हणतात. निर्णयाधीन, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची आणि नष्ट करावयाची कागदपत्रे अशी विभागणी करणारी सहा गठ्ठा पद्धत कार्यालयांना परिचित आहे. शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाने कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये असे बंधन घातले. यांचा पेशवेकालीन पद्धतीशी थेट वारसा जोडणे घाईचे ठरेल. मात्र प्रश्न तोच आहे. काम कोणाकडे आहे, केव्हापासून आहे आणि त्याचा निकाल कोठे लिहिला आहे, हे विचारणारा कोणी असेल तोवरच नोंदवही जिवंत राहते. महाविद्यालयीन कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत साधने बदलली आहेत आणि बदलत राहतील. हा प्रश्न विचारण्याची सवय टिकविणे, हे हुजूर दप्तराच्या उदयास्ताच्या अभ्यासातून घ्यावयाचे सार आहे.